उसनं रक्त

सुई बोटात गेली की आधी धाकटीच्या तोंडून 'स्स' निघायचं आणि लगेच आईच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

"आंधळी आहेस का? शर्ट कुणाचा आहे बघ तरी! डाग पडला तर गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू मी?"

बोटाचं काय झालं, हे आईने कधी विचारलं नाही. धाकटीही पायाशी असलेल्या डब्यातली एखादी चिंधी बोटावर दाबायची, रक्त थांबलं की चिंधी फेकून द्यायची आणि पुन्हा कामाला लागायची. रफूच्या दुकानात वाढलेल्या पोरीला सुई लागण्याचं कौतुक ते किती असणार?

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे मोठी खिडकी, कारण रफूला उजेड लागतो, आणि खिडकीशी तीन खुर्च्या. एक आईची, एक धाकटीची आणि मधली दादाची. मधल्या खुर्चीवर कुणी बसत नसे. एखादं गिऱ्हाईक दमून तिथे टेकायला गेलंच तर आई भिंगातून डोळा न काढता म्हणायची, "तिथे नको हो, तिथे माणूस आहे." गिऱ्हाईक बिचारं रिकाम्या खुर्चीकडे बघायचं, आईकडे बघायचं आणि उभंच राहायचं.

दादा बेपत्ता होऊन वर्षं लोटली होती. डोंगरात विजेच्या तारा टाकायच्या कामावर तो होता, महिन्याला घरी यायचा, आला की मधल्या खुर्चीवर रफूला बसायचा, एकदा आला नाही. नंतर कळलं की त्या सुमारास तिकडे दरड कोसळली होती, पण दरडीखाली कोण होतं आणि कोण नव्हतं याचा पत्ता कुणालाच नव्हता. चौकशा झाल्या, फोटो वाटून झाले, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. आई नाही लागली. रोज सकाळी दुकान उघडलं की ती मधल्या खुर्चीपुढच्या उशीत एक सुई ओवून टोचून ठेवायची. संध्याकाळी दोरा काढून घ्यायची, कारण ओवलेला दोरा रात्रभर राहिला की त्याला पीळ पडतो. लेक परत आला आणि कामाला बसला, तर त्याच्या हातात पीळ पडलेला दोरा नको. आता अशा बाईला काय समजावणार? धाकटीने प्रयत्न सोडून दिला होता.

खरं तर दादा गेल्यापासून धाकटीलाही एक खोड जडली होती. दुपारी उशीवर कान टेकला की आत ठोके ऐकू यायचे. सगळ्यांनाच येतात म्हणा, त्यात काय! पण हिला वाटायचं, हे आपले नाहीत. कुणीतरी आत बसून दार ठोठावतंय आणि आपल्याला कडी सापडत नाहीये, असं वाटून ती दचकून उठायची. कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील, म्हणून सांगायची नाही.

तिला तसं वाटायला कारण होतं. त्यासाठी जरा मागे जायला हवं.

धाकटी लहान असताना तिला रक्ताचा आजार झाला. तोंड पांढरंफटक, हिरड्यांतून रक्त, जरा कुठे आपटलं की अंगावर निळे डाग. तेव्हाच्या डॉक्टरीणबाई मोठ्या गप्पिष्ट होत्या. आई रफूचं काम करते म्हटल्यावर त्यांनी आईला कापडाच्या भाषेतच समजावलं. शरीर म्हणजे आधी धागा, तो म्हणजे पेशी. धागे विणले की कापड, त्याला ऊती म्हणायचं. त्या कापडांचे कपडे बेतले की अवयव, म्हणजे काळीज, मूत्रपिंड, फुप्फुस. आणि या सगळ्याच्या आधी असतो तो कापूस. ज्याचं अजून काहीच ठरलेलं नाही, ज्यातून कुठलाही धागा निघेल, त्या मूळपेशी. जन्मल्यावर रक्ताचा असा कापूस हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे मज्जेत, साठवलेला असतो आणि त्यातून रोज नवं रक्त कातलं जातं. "तुमच्या पोरीचा कापूसच सडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो सगळा काढून टाकायचा आणि कुणाचा तरी चांगला भरायचा. भावाचा जुळतोय."

"म्हणजे रफूच की," आई म्हणाली. रफूला धागा बाहेरून आणत नाहीत. त्याच कपड्याच्या शिवणीत जी माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असते, तिच्यातून उपसून काढतात, तेव्हा कुठे तो मिसळतो. भाऊ म्हणजे त्याच ताग्यातलं कापड. आईला ते चटकन पटलं.

दादा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होता. कंबरेच्या हाडातून मगज काढला, दोन दिवस वाकडा चालला, आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या काचेपलीकडून धाकटीला वाकुल्या दाखवायला हजर. "रक्त उसनं दिलंय हं," तो फोनवरून म्हणाला. "नीट वागायचं. नाहीतर परत मागीन." पुढे जन्मभर तो हेच म्हणत राहिला. धाकटीने त्याची पेन्सिल लपवली, "परत मागीन". त्याचं शेवटचं बिस्कीट खाल्लं, "परत मागीन".

ती बरी झाली. रक्तगट बदलला, दादाचा झाला. आणखी एक गंमत झाली. दादाला शेंगदाणे चालत नसत, ओठ सुजायचे, म्हणून घरात शेंगदाणा यायचा नाही. धाकटी मात्र मैत्रिणींकडे मुठी भरभरून खायची. बरी झाल्यावर पहिल्यांदाच तिने चार दाणे तोंडात टाकले आणि तिचे ओठ हे एवढे सुजले. डॉक्टरीणबाई हसल्या, "रक्ताबरोबर त्याच्या खोडीही आल्या की!" दादाला तर आनंदच झाला. आता हिलाही मिळत नाहीत ना, मग झालं तर.

आईला मात्र हसू आलं नाही. दादा त्या काळात जरा वाळला होता, वाढतं वय, वाळतातच पोरं. पण आईच्या मनाने घेतलं की लेकाच्या वाटणीचं काहीतरी लेकीकडे गेलं. एकदा रागाच्या भरात ती बोलूनही गेली, "त्याचं काढून तुला घातलं, आता तरी शहाण्यासारखी वाग." दादावर तिचा आवाज कधी चढला नाही. बोलणी खायची ती धाकटीनेच. तिची ती मक्तेदारीच होती म्हणा ना.

तर मग फौजदार दुकानात आले, त्या दिवसाकडे येऊ.

भला माणूस होता. टोपी काढून उभा राहिला, मधल्या खुर्चीवर बसला नाही. डोंगरातला रस्ता रुंद करताना जुन्या दरडीच्या मातीत हाडं सापडली होती. माणसाची, पुरुषाची. कपडे कुजलेले, ओळखीचं काही नाही. ज्यांची ज्यांची माणसं त्या सुमारास हरवली, त्यांच्याकडून नमुना घेऊन जुळवून बघत होते.

"आईचा नमुना सगळ्यात चांगला. गालाच्या आतून बोळा फिरवायचा, बस. दुखत नाही," फौजदार म्हणाले.

आईने भिंग खाली ठेवलं. "माझा मुलगा जिवंत आहे," ती म्हणाली. "कुठली तरी हाडं आणून माझ्याशी नातं जुळवू नका. मी तोंड उघडणार नाही. निघा."

"आई, अगं..."

"तू गप्प बस. तुला काय, तुझं भागलं त्याच्यावर!"

फौजदार खाली मान घालून बाहेर पडले. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती त्यांच्या मागोमाग रस्त्यावर गेली. "बहिणीचं चालेल का?" तिने विचारलं. चालेल, म्हणाले.

आईला दोरे आणायला जाते असं सांगून ती प्रयोगशाळेत गेली. तिथे जाड चष्म्याची एक बाई होती, तिच्याच वयाची. गालाचे बोळे संपलेत, बोट टोचून रक्त घेते, चालेल ना, असं तिने विचारलं. धाकटीला हसू आलं. बोट टोचून घेण्यात तिच्याइतकं तरबेज कोण? "गेल्या काही महिन्यांत रक्त वगैरे चढवलंय?" चष्मेवालीने विचारलं. धाकटी म्हणाली, नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात. लहानपणचं आजारपण तिच्या डोक्यातही आलं नाही. बरं झालेलं दुखणं कोण लक्षात ठेवतो?

काही दिवसांनी फोन आला, नमुन्यात गडबड झाली, पुन्हा या. ती पुन्हा गेली, पुन्हा बोट दिलं. मग तिसऱ्यांदा बोलावलं. या वेळी चष्मेवालीने तिला खुर्ची दिली, आपण टेबलावरच टेकली आणि हसायला लागली.

"तुम्ही आम्हाला चांगलंच चक्रावून सोडलंत बरं का! तुमचं रक्त पुरुषाचं निघालं."

धाकटीने आपल्या टोचलेल्या बोटाकडे बघितलं.

"पहिल्यांदा वाटलं, नमुने बदलले. दुसऱ्यांदा मी स्वतः घेतलं. पुन्हा तेच. आणि नुसतं पुरुषाचं नाही, त्या हाडांशी तंतोतंत जुळतंय. भावाबहिणीचं अर्धंमुर्धं जुळतं हो. हे सगळंच्या सगळं. एकच माणूस!"

"मग... म्हणजे काय?"

"म्हणजे काय, आमच्याच हातून कुठेतरी मिसळलं. आमचा नियमच आहे, दोन नमुने असे तंतोतंत जुळले की दोन्ही बाद करायचे. नाहीतर अर्थ काय काढायचा?" चष्मेवालीने चष्मा पुसला. "की त्या हाडांचा मालक मेलेलाच नाही? त्याचं रक्त तर आत्ता काढल्यासारखं ताजं आहे!"

ती पुन्हा हसली. खोलीत कुठेतरी यंत्र घरघरत होतं, आणि त्याच्या खालून धाकटीला तो दुपारचा आवाज ऐकू आला. ठक, ठक. दार वाजवणारा आत होता, आणि कोण होता हे आता तिला कळलं होतं. उसनं दिलंय हं. परत मागीन.

तोंड उघडायचं आणि सांगायचं. एका वाक्याचं काम. हे रक्त माझं नाही, भावाचं आहे, म्हणजे ती हाडंही भावाची. पण त्या वाक्याच्या पलीकडे मधली खुर्ची होती, ओवलेली सुई होती, आई होती. हे वाक्य बोललं की आईचा लेक आपण मारला.

"मग त्या हाडांचं काय?" तिने एवढंच विचारलं.

"तीन आठवड्यांनी, सोमवारी, बेवारसांच्या जागेत. किती ठेवणार? पेटी आहे तिकडे, मागच्या खोलीत. बरं, तुमच्या आईंना एकदा विचारून बघा ना."

धाकटी घरी आली. येताना दोरे आणायचे विसरली. आईने बोलणी सुनावली, तिने ती मुकाट्याने ऐकून घेतली. दोन दिवस तोंडाला कुलूप घालून बसली. पण काम होईना. कापडाच्या भोकाकडे बघितलं की तिला ती मागची खोली दिसायची, पेटी दिसायची, पेटीवरचा नंबर दिसायचा. दादाला अंधाराची भीती वाटायची, मोठा झाला तरी. दिवा चालू ठेवून झोपायचा गाढव. आणि आपण त्याला नंबर घालून मातीत जाऊ देणार? त्याचंच रक्त अंगात खेळवत?

तिसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिने आईच्या हातातलं काम काढून घेतलं, तिचे दोन्ही हात धरले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा कापूस आठवतो? तो अजून माझ्या हाडांत आहे. अजून रोज कातला जातोय. कातडी माझी, केस माझे, काळीज माझं, पण त्यातून वाहतं ते त्याचं. म्हणून जुळलं. ती हाडं दादाची आहेत, आई.

आई रडेल, ओरडेल, थोबाडीत मारेल, या सगळ्याची तयारी धाकटीने केली होती. आईने यातलं काही केलं नाही. तिने धाकटीचं मनगट उलटं केलं आणि नाडीवर अंगठा ठेवला.

"ती बाई काय म्हणाली? पुन्हा सांग," आई म्हणाली.

"कुठलं?"

"ताज्या रक्ताचं."

धाकटीने सांगितलं. आईचा चेहरा उजळला. असा उजळलेला चेहरा धाकटीने कित्येक वर्षांत बघितला नव्हता, आणि तिच्या अंगावर काटा आला.

"मी काय सांगत होते सगळ्यांना? जिवंत आहे म्हणून! झालं की मग. त्या हाडांचं काय करायचं ते करू देत. तू कुणाला काही सांगू नकोस. तो इथे आहे."

त्या दिवसापासून घराचं वारंच फिरलं. धाकटीच्या पानात आधी वाढलं जाऊ लागलं, गरम गरम, आणि संपेपर्यंत आई समोर बसून राहायची. "वजन उचलू नकोस." "उन्हात जाऊ नकोस." "थंडी वाजते का? थांब, दादाचा स्वेटर काढते." येता-जाता आई तिचं मनगट धरायची आणि अंगठ्याने नाडी चाचपायची. दुपारी धाकटी आडवी झाली की उशाशी येऊन बसायची आणि हलकेच तिच्या छातीवर कान ठेवायची. बोलायची काहीबाही. घराला रंग द्यायला झालाय रे, नळ गळतोय रे. धाकटी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायची.

आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. लाज वाटली, भीती वाटली, तरी आवडलं. जन्मात आईने तिच्या डोक्यावरून असा हात फिरवला नव्हता. माया आपल्यासाठी नाही हे कळत असूनही ती त्या हाताखाली तशीच पडून राहायची, जराही न हलता, हलले तर आईच्या लक्षात येईल की इथे भलतंच कुणी झोपलंय, म्हणून.

सुई लागली तरी आई आता ओरडेनाशी झाली. उलट धावत यायची, स्वतः चिंधी दाबायची आणि ती चिंधी घेऊन आत जायची. धाकटीला वाटलं, टाकायला नेत असेल. त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, बटणं शोधताना तिने आईच्या कपाटातला पत्र्याचा डबा उघडला. आत चिंध्या होत्या, नीट घडी करून एकीवर एक रचलेल्या. प्रत्येकीवर एक तपकिरी ठिपका. धाकटीच्या हातून झाकण खाली पडलं.

आवाज ऐकून आई दारात आली. चोरी पकडल्यासारखी उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "अगदी ऊन असतं गं ते, निघतं तेव्हा."

धाकटीचा बांध फुटला. "आई, दादा मेलाय! तो त्या खोलीत पेटीत पडलाय, आणि उद्या त्याला बेवारस म्हणून पुरणार आहेत! आणि मी जिवंत आहे. मी! तुझी मुलगी! मी इथे असताना तू मला कधी बघितलंस का गं? आता बघतेस तेही त्याला!"

"तू सांगितलंस तर तो मरेल," आई म्हणाली. "आणि मारणारी तू असशील."

"असेन मग," धाकटी म्हणाली. ती रात्रभर रडली, आणि सकाळी चपला घालून निघाली. आई खिडकीशी बसली होती. मधल्या खुर्चीपुढे सुई ओवलेली होती.

प्रयोगशाळेत चष्मेवाली तिला बघून उठूनच उभी राहिली. "अहो, मी तुम्हालाच फोन लावत होते! काल एकदम डोक्यात आलं. लहानपणी कधी मोठं आजारपण..."

"झालं होतं," धाकटी म्हणाली. "त्यानेच दिला होता मगज."

मग चष्मेवालीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी ती हसली नाही. म्हणजे हाडांचा निकाल बाद नव्हता, ती म्हणाली. पण पक्कं करायला दुसरं कुणीतरी लागेल, ज्याच्या रक्तात असा गोंधळ नाही. आई असती तर एका बोळ्यात काम झालं असतं.

"ती नाही येणार," धाकटी म्हणाली.

"मग तुमच्याच गालाचा बोळा घेऊन बघते. त्यातही त्याचं थोडं मिसळलेलं असणार. कठीण आहे, पण बघू या."

तेवढ्यात दार वाजलं. दारात आई होती. घरातल्याच चपला पायात, केस विस्कटलेले, चालत आलेली असणार. कुठे जायचं, हे तिने फौजदारांना विचारलं होतं म्हणे. ती धाकटीकडे न बघता चष्मेवालीपुढे जाऊन बसली.

"सोमवार आहे ना आज?" तिने विचारलं. "त्याला अंधारात झोप लागत नाही." आणि तिने डोळे गच्च मिटून लहान मुलासारखा आ केला.

जुळलं. जुळणारच होतं. पेटी घरी आली, दादाला निरोप दिला, चार माणसं येऊन गेली. पेटीत आईने तो पत्र्याचा डबाही ठेवला. कुणी विचारलं नाही आत काय आहे, आणि धाकटीने सांगितलं नाही.

त्यानंतर आई कितीतरी दिवस बोलली नाही. पानात वाढायची, पण समोर बसायची नाही. मनगट धरायची नाही. धाकटीच्या मनात येई, गेलं, आता तेही गेलं. त्याला पुरलं आणि त्याच्याबरोबर माझ्या डोक्यावरचा हातही पुरला. दुपारी उशीवर कान टेकला की ठोके अजून ऐकू यायचे. आता ते दारावर थाप मारल्यासारखे वाटत नसत, आत कुणी येरझाऱ्या घालतंय असे वाटत. सांत्वनाला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तू आहेस तोवर हे असंच कातलं जाणार. तू आहेस तोवर तो आहे. त्यांना वाटलं, पोरीला धीर येईल.

मग एका सकाळी दुकान उघडलं. आईने सुई ओवली आणि सवयीने मधल्या खुर्चीकडे वळली. तशीच थांबली. मग ती सुई तिने धाकटीपुढे धरली. "घे. कोट द्यायचाय आज."

धाकटीने सुई घेतली, कोट घेतला, शिवणीतली माया उसवून एक धागा उपसला. डोळे भरून आले होते, काही दिसत नव्हतं. दोन टाके घातले नाहीत तोच सुई बोटात गेली, चांगली खोल. रक्ताचा थेंब टपोरा वर आला. तिने सवयीने पायाशी हात घालून चिंधी काढली, थेंब त्यावर टिपला आणि ती चिंधी आईपुढे धरली. दुसरं तिच्याकडे द्यायला होतं काय?

आईने चिंधीकडे बघितलं. बघत राहिली. तिचा हात पुढे आला, अंगठा चिंधीवर टेकला, आणि धाकटीने श्वास रोखून धरला.

"आंधळी आहेस का?" आई कडाडली. "केवढा महागाचा कोट आहे बघ तरी! डाग पडला असता तर काय तोंड दाखवलं असतं मी? शिकवून शिकवून जीव गेला माझा, पण सुई धरायची अक्कल नाही ती नाहीच!"

तिने चिंधी हिसकावून कचऱ्याच्या डब्यात फेकली, धाकटीचं बोट ओढून स्वतःच्या तोंडात घातलं आणि चोखून रक्त थांबवलं. रागाने तिचे डोळे लाल झाले होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

दादावर तिने असा आवाज कधीच चढवला नव्हता. ही बोलणी फक्त धाकटीची होती. तिने मान खाली घातली आणि हुंदके देत, बोट आईच्या हातात तसंच ठेवून, ती पोटभर बोलणी खात राहिली.